मदत हवी आहे: डिशवॉशरमधून पेले पांढरट आणि रश्श्याच्या वाट्या ओशट निघतात (कोल्हापूर)

नववी_गल्ली

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत फ्लॅट आहे. दिवाळीत डिशवॉशर घेतला. भांडीवाल्या मावशींनी गुडघ्यांपायी काम सोडलं, दुसऱ्या मिळेनात, म्हणून घेतला. तेव्हा 'घ्यावा की नको' ही चर्चा इथे कृपया नको, ती घरात अजून चालू आहे.

अडचणी दोन. पहिली काचेच्या पेल्यांची. धुऊन निघाले की ठीक दिसतात, पण वाळल्यावर उजेडात धरले तर अंगभर पांढरट थर. बोट फिरवलं की बोटाएवढी स्वच्छ रेघ उमटते. पाण्यानं विसळलं की थर गेल्यासारखा वाटतो, वाळलं की पुन्हा हजर. गंमत म्हणजे हे रोज होत नाही. काही दिवस पेले लख्ख, मग आठवडाभर पांढरे.

दुसरी अडचण रविवारची. तांबड्या रश्श्याच्या स्टीलच्या वाट्या आतून स्वच्छ निघतात, पण काठाची जी बाहेर वळवलेली कड असते तिच्याखाली तांबूस तेल राहतं. हात लावला की ओशट. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यांना तर तुपकट साय धरलेली असते.

टॅब्लेट वापरतो, प्रोग्रॅम कायम इको. डेमो द्यायला आलेला मुलगा म्हणाला, "कोल्हापूरचं पाणी गोडं आहे, मीठबीठ काही लागत नाही." त्यामुळे मिठाचा कप्पा अजून कोरा आहे. रिन्स एड (शेवटच्या पाण्यात मिसळतं ते, डाग न पडता भांडी वाळावीत म्हणून) भरलेलं आहे.

सासूबाई सगळी भांडी आधी साबण लावून घासतात आणि मगच आत ठेवतात. हे बरोबर आहे का, तेही सांगा. उत्तर त्यांना वाचून दाखवणार आहे, जरा जपून लिहा.

झटपट

पाच माणसांची भांडी हातानं वीस मिनिटांत होतात. उगाच वीज आणि पैसे.

नववी_गल्ली

@झटपट, पहिला परिच्छेद वाचावा ही विनंती. वीस मिनिटं मोकळी असतील तर रविवारी तीनला या, पातेल्यासकट सगळं ठेवते.

पाणक्या

ताई, आधी एक करून बघा. पांढऱ्या झालेल्या पेल्याच्या अर्ध्या भागावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळा, पाच मिनिटांनी धुवा आणि वाळू द्या. तेवढा भाग स्वच्छ झाला तर तो पाण्यातला क्षार आहे. काहीच फरक पडला नाही तर काच झिजली आहे आणि त्यावर इलाज नाही.

आणि दुसरं, तुमच्या सोसायटीच्या टाकीत फक्त महापालिकेचं पाणी येतं का?

नववी_गल्ली

लिंबू चोळलं, अर्धा पेला चकचकीत झाला. वॉचमनला विचारलं. नळाचं पाणी कमी आलं की तो त्याच टाकीत बोअर सोडतो. विशेषतः आमच्याकडे पाण्याची ओरड असते त्या आठवड्यात.

पाणक्या

मग पेले कधी लख्ख आणि कधी पांढरे का, ते कळलं. डेमोवाल्याचं अर्धंच बरोबर. पंचगंगेचं किंवा काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी गोडं आहेच, पण तुमच्या टाकीत काही दिवस नदी असते आणि काही दिवस बोअर. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. ते तापवलं की चुना बाहेर पडतो, जसा गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच पेल्यावर बसतो.

मिठाबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. ते भांड्यांना लागत नाही. मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांचा एक डबा असतो. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मिठाचं पाणी त्यांच्यावरून जातं, पकडलेलं सगळं धुऊन गटारात जातं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. मीठच नसेल तर मणी एकदा भरले की भरले, पुढे ते नावालाच.

मशीनमध्ये पाण्याच्या जडपणाची, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती याची, सेटिंग असते; ती बोअरच्या पाण्याप्रमाणे ठेवा, नदीच्या नव्हे. गोड्या पाण्याच्या दिवसांत थोडं मीठ जास्त जाईल एवढंच. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो विरघळलेलं सगळंच मोजतो, त्यातला जडपणा किती ते सांगत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात जडपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात. बोअर चालू असताना स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी घेऊन तपासा. पट्टीवर आकडा पीपीएममध्ये असेल आणि मशीनच्या पुस्तकात जर्मन अंशांत असेल, तर पीपीएमला १७.८ नं भागा.

मीठ डिशवॉशरचंच घ्या. घरातलं बारीक मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. बाजारातलं खडे मीठ स्वस्त दिसतं, पण त्यात माती आणि पुन्हा तेच मॅग्नेशियम. पहिल्यांदा भरताना कप्प्यात आधी पाणी ओता, मग मीठ. आजूबाजूला सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर आतलं स्टील गंजतं, म्हणून भरल्याबरोबर एक प्रोग्रॅम लावून टाका.

'थ्री इन वन' टॅब्लेटमध्ये मीठ असतं म्हणतात. बेताच्या जड पाण्याला ती पुरते, बोअरला पुरेलच असं नाही.

कट_जास्त

वाट्यांचं मी सांगतो, आमच्यात दर आठवड्याला हाच कार्यक्रम.

इकोमध्ये पाणी बहुतेक मशीनांत ५० अंशांच्या आसपास तापतं. रोजच्या वरण-भाताला ते बास झालं. मटणाची चरबी आणि कट, त्यात दुपारची वाटी संध्याकाळपर्यंत गार होऊन बसलेली, तिला इको काय करणार? रविवारी इंटेन्सिव्ह लावा, ६५-७० अंशांचा. वेळ आणि वीज जास्त जाते, पण आठवड्यातून एकदा चालतंय की.

दुसरं, टॅब्लेट असते कप्प्यात बंद. सुरुवातीच्या प्री-वॉशला नुसतंच पाणी फिरतं आणि सगळा कट त्या साध्या पाण्यात तरंगत बसतो. मी पावडर वापरतो. कप्प्यात नेहमीची, आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला एक चमचा वेगळी. पहिल्याच पाण्यात निम्मं तेल निघतं. पावडरचा आणखी एक फायदा, भांडी कमी असली तर कमी घालता येते. पावसाळ्यात मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आपल्या हवेत दगड होतो तिचा.

वाट्या एकात एक घालू नका आणि सपाट पालथ्याही नको. तिरक्या लावा, तोंड पाणी फवारणाऱ्या पंख्याकडं. सपाट पालथी घातली की त्या कडेखाली पाण्याचा मारा पोचतच नाही. सगळं लावून झालं की पंखा हातानं एकदा गरकन फिरवून बघायचा. पळीचा किंवा झाऱ्याचा दांडा खाली आला की पंखा अडतो, आणि मग मशीन दोन तास नुसतं गुणगुणतं.

पंख्याच्या भोकांत मोहरी बसते बघा. फोडणीची मोहरी आणि ते भोक, मापच एक! पंखा काढून नळाखाली हलवा, खुळखुळ वाजलं तर टूथपिक घ्या. तळाच्या जाळीत कोथिंबिरीच्या काड्या, लिंबाच्या बिया सापडतील. हाडं आणि कढीपत्ता आधीच खरवडून काढा, बाकी आत जाऊ दे.

सुगरण_नव्हे

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा: काकू, तुमचा हात स्वच्छ आहे यात शंका नाही, पण भांड्याचा साबण मशीनमध्ये गेला की फेस होतो. फेस झाला की पंपाला पाणी नीट ओढता येत नाही आणि माराच कमी पडतो. तुम्ही फक्त खरकटं काढा. भाताचं शीत वाळलं असेल तर साध्या पाण्यात पाच मिनिटं भिजवलं तरी पुरे.

ताई, ऑटो प्रोग्रॅम लावणार असाल तर आणखी एक. पाणी किती गढूळ झालं ते पाहणारा सेन्सर असतो. भांडी आधीच घासलेली असली की तो म्हणतो काम झालं, आणि प्रोग्रॅम आवरता घेतो. मग त्याच लोडमधलं एखादं खरोखर चिकट पातेलं तसंच राहतं.

हळदीनं पिवळे झालेले प्लास्टिकचे डबे मशीनमधून निघाल्यावर गॅलरीत उन्हात ठेवा. तो रंग तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, धुऊन जात नाही, उन्हानं मात्र उडतो. ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई आत घालू नका, काळी पडतात. बिडाचा तवा आणि पोळपाट-लाटणंही नको.

गच्चीवरची_टाकी

वरच्या मजल्यावर असाल तर पाण्याचा दाबही तपासा. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे टाकी नळाच्या जेमतेम तीन मीटर वर असेल तर ०.३ बार. कित्येक मशीनांना किमान त्याहून जास्त लागतो, पुस्तकात दिलेलं असतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की पाइप जिथे जोडतात तिथली बारीक जाळी चिखलानं भरते. मशीन पाणी घेत नाही म्हणून मेकॅनिक बोलावण्याआधी ती काढून धुवा.

नववी_गल्ली

सगळ्यांचे आभार. पट्टी आणून बोअरचं पाणी तपासलं, सेटिंग दोन पायऱ्या वर नेली, मीठ भरलं. बोअरच्या आठवड्यातही पेले स्वच्छ निघाले. जुना थर मात्र लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून काढावा लागला. रविवारी इंटेन्सिव्ह आणि दरवाजात चमचाभर पावडर, वाट्यांची कड कोरडी. पंख्यात मोहरी होतीच, @कट_जास्त, शिवाय एक तीळही.

सासूबाईंनी साबण सोडला, पण आता त्यांचा उत्साह दुसऱ्या टोकाला गेलाय. कल्हई केलेलं पितळी पातेलं आणि देवाचं ताम्हण काढून ओट्यावर ठेवलंय, संध्याकाळच्या लोडमध्ये घालायला. चालेल का? लवकर सांगा.

सुगरण_नव्हे

नको नको! पितळ काळवंडतं आणि कल्हईचीही वाट लागते. ताम्हणाला चिंच लावायची, पातेलं साध्या साबणानं मऊ घासणीनं. लगेच उचलून ठेवा ओट्यावरून.

नववी_गल्ली

उचललं. तांब्याचा तांब्यापण निघाला होता कपाटातून, तोही परत ठेवला.