सर्व्हे लाँचचा डेटा: एचडीओपी ०.९, तरी लाइन्स जुळत नाहीत

खोलमाप: रत्नागिरीजवळच्या बंदरमार्गाचा मल्टीबीम (ध्वनिलहरींच्या पट्ट्याने तळाची खोली मोजणारं यंत्र) डेटा तपासायला आलाय, सोबत एनएमईएचे (जीपीएस रिसीव्हर ज्या ठरावीक वाक्यांत माहिती पाठवतो त्यांचे) कच्चे लॉग. खोली १२ मीटर, वेग ५ नॉट. उपग्रह १४ च्या वर, एचडीओपी (उपग्रहांच्या मांडणीचा निर्देशांक, कमी तितका चांगला) ०.९. पण खोदलेल्या चॅनेलचा उतार ओलांडणारी एकच लाइन (बोटीचा मापनाचा सरळ फेरा) जाताना आणि येताना तपासली, तर उतार दीड मीटर सरकतो. निविदेत एस-४४ ची (जलसर्वेक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानक) स्पेशल ऑर्डर, म्हणजे त्यातला एक काटेकोर दर्जा, आहे. जीपीएसला दोष द्यायचा का?

सुकाणू: एचडीओपी उपग्रहांची मांडणी कशी आहे एवढंच सांगतो, त्यावर भिस्त ठेवू नका. लॉगमधल्या जीजीए या स्थानाच्या वाक्याचं सहावं फील्ड बघा: १ म्हणजे विनादुरुस्ती, २ डिफरन्शियल दुरुस्तीसह, ४ आरटीके फिक्स्ड (सेंटीमीटरभर अचूक), ५ फ्लोट (त्याहून ढिलं). २ असेल तर तेराव्या फील्डमधलं दुरुस्तीचं वयही बघा. जीएसटी (स्थानाच्या त्रुटीचा अंदाज देणारं) वाक्य असेल तर फारच उत्तम. त्यातल्या अक्षांश-रेखांशाच्या सिग्मांच्या (प्रमाण विचलनांच्या) वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. साधारण ९५ टक्क्यांची त्रुटी मिळते. स्पेशल ऑर्डरला २ मीटर चालतात, पण ते तळावरच्या बिंदूचे, अँटेनाचे नव्हेत.

वल्हेकरी: दिशा उलटली की सरकतं, म्हणजे संशयित तीन: लेटन्सी (स्थानाच्या वेळेतला उशीर), अँटेना ते ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा भाग) पुढचा-मागचा ऑफसेट म्हणजे अंतर, पिचची (पुढे-मागे झुकण्याच्या कोनाची) जुळणी. यातली चूक जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला पडते, म्हणून दुप्पट दिसते. १२ मीटरवर पिचमुळे दीड मीटर यायला साडेतीन अंशांची चूक लागेल, एवढी कोणी करत नाही (सहसा!). उरले दोन. ५ नॉट म्हणजे सेकंदाला २.५७ मीटर, म्हणून ०.३ सेकंदाची लेटन्सी किंवा ७५ सेंटीमीटर चुकीचा ऑफसेट, दोन्ही सारखेच दिसतात. तीच लाइन एकाच दिशेने ३ आणि ६ नॉटने चालवा. ४५ सेंटीमीटरच्या आसपास फरक पडला तर लेटन्सी, नाही पडला तर टेप घेऊन ऑफसेट पुन्हा मोजा.

खोलमाप: सहावं फील्ड बहुतेक ठिकाणी ४ आहे. संध्याकाळी सातनंतर मात्र ५ वर घसरतं. झेडडीए (वेळ-तारखेचं वाक्य) आहे, १पीपीएसची (रिसीव्हरचा दर सेकंदाचा अचूक ठोका) वायर जोडलेली दिसत नाही.

सुकाणू: मग वेळेचा शिक्का बहुधा पीसी मारतोय. सूर्यास्तानंतर आपल्या किनाऱ्यावर आयनोस्फिअरमुळे (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) सिग्नल लुकलुकतो, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात जास्त. त्या लाइन्स वेगळ्या काढा.

वल्हेकरी: आणि सगळा डेटा सरसकट ०.३ सेकंद सरकवू नका. सिरियल पोर्टचा उशीर पीसीवरच्या भारानुसार बदलतो. सकाळच्या आणि दुपारच्या जोडलाइन्सवर (जाता-येता मारलेल्या त्याच लाइन्स) तो वेगवेगळा काढून बघा. एकच आला तर दुरुस्ती लावा, हलत असेल तर १पीपीएस जोडून त्या लाइन्स पुन्हा मारायला सांगा.