मदत हवी आहे: आयेल्ट्सच्या (IELTS, इंग्रजीची परीक्षा) निबंधात ६ च बँड (गुण) का?

धाकट्या बहिणीला रीडिंग-लिसनिंगला ८.५, स्पीकिंगला ७.५ आणि रायटिंगला ६. विद्यापीठाला प्रत्येक विभागात किमान ६.५ हवेत. इंग्रजी कच्चं नाही, कॉलेजच्या मासिकात तिचे लेख येतात. घड्याळ लावलं की गडबड होते. टास्क २ च्या, म्हणजे निबंधाच्या, ४० मिनिटांतला बराच वेळ पहिला परिच्छेद घासूनपुसून लिहिण्यातच जातो. 'सार्वजनिक वाहतूक मोफत असावी, कितपत सहमत?' या सरावाच्या विषयावर दोन्ही बाजू सुरेख मांडल्या, स्वतःचं मत मात्र शेवटच्या ओळीत, तेही अर्धवट! चार निकषांपैकी टास्क रिस्पॉन्सचे (प्रश्नाला नेमकं उत्तर दिलं का, याचे) गुण तिथेच जात असावेत, असा माझा अंदाज.

ठरलेला साचा पाठ करून पाहिला, लिखाण अगदीच पोपटपंची वाटायला लागलं. टास्क २ ला टास्क १ च्या दुप्पट वजन म्हणून तो आधी लिहून पाहिला, थोडाच फरक पडला. २५० शब्द सहज होतात, टायपिंगही जलद आहे (परीक्षा कॉम्प्युटरवर दिली). आता फक्त रायटिंग पुन्हा द्यायचंय, तेही मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत, त्यामुळे कृपया क्लास सुचवू नका.

ज्यांचं रायटिंग ६ वरून ७ वर गेलं, त्यांनी लिहायला घेण्याआधी आराखड्याला किती मिनिटं दिली? आणि मत पहिल्याच परिच्छेदात ठामपणे मांडल्याने बँड वाढला का?