यकृताच्या तपासण्या नॉर्मल असूनही रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम का कमी झाला?

प्रश्न : मोगरा

माझी आई ५८ वर्षांची आहे. संधिवाताच्या तापामुळे तिच्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली होती आणि १२ वर्षांपूर्वी तिथे धातूची झडप बसवण्यात आली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी ॲसेनोकुमारॉलची गोळी घेते आणि तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितके रक्त लवकर गोठते) बहुतेक वेळा २.५ ते ३.५ च्या दरम्यान राहिला आहे. पाच आठवड्यांपूर्वी मानेतील गाठींचा क्षयरोग असल्याचे निदान झाले आणि चार औषधांच्या एकत्रित गोळ्या सुरू झाल्या. एकही गोळी चुकलेली नाही, कारण मी स्वतः समोर बसून देते. तरीही आयएनआर २.८ वरून १.९ आणि परवा १.३ वर आला, तोही डोस दोनदा वाढवल्यानंतर. एसजीओटी, एसजीपीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल आहेत. यकृत चांगले आहे, तर मग औषध जाते कुठे? रात्री घर शांत झाले की तिच्या झडपेची बारीक टिकटिक ऐकू येते, आणि हल्ली ती ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही.

प्रतिसाद १ : औषधशास्त्र_शिक्षिका

मोगराताई, कारण नंतर सांगते. धातूची झडप असताना १.३ हा आकडा पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबण्याजोगा नाही, कारण झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते. आजच हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. आयएनआर वर येईपर्यंत रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने द्यायची का, ते तेच ठरवतील. आईंना धाप लागली, बोलताना जीभ अडखळली, हातापायांतली शक्ती गेली किंवा ती टिकटिक दबल्यासारखी वाटली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात जास्त प्रमाणात उतरणारी द्रव्ये आहेत. त्यांच्यावरून यकृताचे नुकसान कळते, पण यकृत औषधे किती वेगाने मोडते आहे याचा अंदाज त्यांच्यावरून बांधता येत नाही. आईंच्या यकृतात बिघाड नाही, उलट त्याचे काम वाढले आहे.

चरबीत विरघळणारी औषधे मूत्रपिंडातून सहजासहजी बाहेर पडत नाहीत, कारण गाळली गेली तरी ती पुन्हा रक्तात शोषली जातात. म्हणून यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यांच्या रेणूत बदल करतात आणि गरज असेल तेथे दुसऱ्या टप्प्यात त्यांना एखादा पाण्यात विरघळणारा घटक जोडला जातो. ॲसेनोकुमारॉल मोडण्याचे काम मुख्यतः या कुळातील २सी९ हे विकर करते. क्षयरोगाच्या गोळीतील रिफाम्पिसिन यकृताच्या पेशीत शिरून एका ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटते, आणि त्यामुळे २सी९ व ३ए४ यांसारखी विकरे तयार करणारी जनुके अधिक जोमाने काम करू लागतात. नवी विकरे तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांत काहीच जाणवत नाही आणि साधारण एक-दोन आठवड्यांत परिणाम पूर्ण दिसू लागतो. अशा वेळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस दुपटीहून अधिक, कधीकधी त्याच्याही बराच पुढे न्यावा लागतो. मात्र रिफाम्पिसिन स्वतःहून मुळीच बंद करू नका. क्षयरोगाच्या उपचाराचा तो कणा आहे.

प्रतिसाद २ : कृष्णाकाठ

माझ्या वडिलांच्या बाबतीत संकट उलट्या बाजूने आले, म्हणून मुद्दाम लिहितो. सहा महिने डोस वाढवत वाढवत आयएनआर जागेवर आणला होता. कोर्स संपला, घरात पेढे वाटले, आणि रक्त पातळ करणारी गोळी त्याच वाढीव डोसने चालू राहिली. ती कमी करायला हवी हे आम्हाला कोणी सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त थांबेना आणि दंडावर निळे डाग दिसले. आयएनआर ७ च्या वर गेला होता. गोळीचा परिणाम उतरवणारे के जीवनसत्त्व देऊन आणि गोळी काही दिवस थांबवून ते सावरले.

प्रतिसाद ३ : औषधशास्त्र_शिक्षिका

कृष्णाकाठ यांचा अनुभव प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे. रिफाम्पिसिन थांबले तरी वाढलेली विकरे लगेच नाहीशी होत नाहीत. त्यांचे प्रमाण सुमारे दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत होते आणि त्या काळात तोच डोस दिवसेंदिवस जास्त ठरत जातो. म्हणून कोर्स संपल्यावर पुढचा महिनाभर तपासणी वारंवार हवी आणि डोस टप्प्याटप्प्याने खाली आणायला हवा.

विकर रोखणाऱ्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल किंवा जुलाबासाठी सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडॅझोल २सी९ ला अडवते, आणि त्यासाठी नवे काही तयार व्हावे लागत नसल्याने आयएनआर काही दिवसांतच चढतो. या गोळ्या ओळखीच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात याची मला फार काळजी वाटते. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निकामी ठरू शकतात आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही घटतो; घरात दुसऱ्या कुणाला हा कोर्स चालू असेल, तर त्यांनाही हे सांगा.

प्रतिसाद ४ : मोगरा

काल दुपारीच आईला दाखवले. हेपारिनची इंजेक्शने सुरू झाली आहेत, गोळीचा डोस वाढवला आहे आणि आयएनआर आठवड्यातून दोनदा करायला सांगितले आहे. क्षयरोगाच्या गोळ्या तशाच चालू आहेत. कोर्स संपण्याची तारीख विचारून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिच्यापुढच्या चारही सोमवारांना लाल पेनाने ‘रक्त तपासणी’ असे लिहून ठेवले आहे.