नवख्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा का?

वैदर्भी_एडिटर:
राम राम मंडळी. नागपुरात लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच कूलर. मित्र म्हणतो, ओव्हरक्लॉक कर, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळव; बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डची सेटिंगं) जाऊन सगळे कोअर (प्रोसेसरचे गाभे) ४.७ गिगाहर्ट्झला बांधून टाक, फुकटचा वेग मिळेल. बायोस आजवर फक्त विंडोज टाकताना उघडलाय. करू का?

सोल्डरगन:
बिनधास्त करा. १९९८ साली सेलेरॉन ३००ए आला, बसचा (प्रोसेसर आणि बोर्डमधल्या दुव्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० ची चिप ४५० ला पळायची. दीडपट! आता तर सगळं माउसने होतं. एका वेळी एकच आकडा बदला, पायरी लहान ठेवा, दर पायरीला सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देणारी चाचणी) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोत तापमान बघत राहा. मशीन उठलंच नाही तर सीमॉस क्लिअर करा, सेटिंग मूळपदावर. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही.

थंडडोकं:
त्या सेलेरॉनच्या पुण्याईवर अजून किती वर्षं काढणार? तेव्हा चिपमध्ये बराच वाव शिल्लक असायचा. आता तोच वाव बूस्टच्या (गरजेनुसार आपोआप वेग वाढवणं) नावाने कंपनीच वापरते. ५६००एक्स एखाद-दुसऱ्या कोअरवर आपणहून ४.६ पर्यंत जातो.

हिशोब करा. समजा सगळे कोअर ४.४ वरून ४.७ ला नेण्यासाठी १.२ व्होल्टचे १.३५ करावे लागले. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाने. म्हणजे वेग ७ टक्के, उष्णता सुमारे ३५ टक्के. तासाभराचा रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करून काढणं) फार तर ५६ मिनिटांत. त्या चार मिनिटांसाठी तो चिमुकला कूलर, मे महिन्यात, नागपुरात! ओव्हरक्लॉकिंगने चिप गेली तर वॉरंटीही हात वर करते.

सोल्डरगन:
नुसती भीती घालताय. आधुनिक चिप सहजासहजी जळत नाही.

थंडडोकं:
जळत नाही, झिजते. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत २०२४ मध्ये काय झालं? लोकांनी बायोसला हातही न लावता जास्तीच्या व्होल्टेजने चिपा कायमच्या बिघडल्या. मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

रात्रपाळी:
दोघांचं भांडण बाजूला ठेवा. एडिटरसाहेब, आधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) चालू नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ लाच रांगते.

पण एक सांगतो. माझी रॅम जरा जास्तच ताणली होती. मशीन कधी बंद पडलं नाही, निळा पडदाही नाही. दोन महिन्यांनी कळलं की कॉपी केलेल्या काही फायली उघडतच नाहीत. तुमच्याकडे लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे. सात फेरे पुन्हा घेता येत नाहीत.

सोल्डरगन:
हे मान्य, रॅमची चाचणी रात्रभर घ्यावी. मग ४.७ चा नाद सोडा, कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं बायोसमधलं सेटिंग) उणे १० करा. व्होल्टेज कमी, ताप कमी, बूस्ट जास्त वेळ टिकतो. हे तरी चालेल ना, थंडडोकं?

थंडडोकं:
चालेल, पण एक मेख आहे. उणे जास्त झालं तर सिनेबेंच मस्त चालतो आणि मशीन रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. हलक्या कामात कोअर सर्वात उंच उडी मारतो, तिथेच व्होल्टेज अपुरं पडतं. आठवडाभर नेहमीचं काम करून बघा. आणि फुटेजची दुसरी प्रत आधी.

वैदर्भी_एडिटर:
मंडळी, लाज वाटते सांगायला. रॅम दोन वर्षं २१३३ ला चालत होती! एक्सएमपी लावलं, रात्रभर मेमटेस्ट निर्धोक. उणे १० वर रेंडरचं तापमान ८८ वरून ८२ आलं. मित्राला अजून सांगितलेलं नाही. पंखा मात्र ओरडतोच.

रात्रपाळी:
कॅबिनेटची पुढची जाळी शेवटची कधी पुसली?

वैदर्भी_एडिटर:
जाळी असते?