२/५ च्या टेबलावर आलो आणि हात आखडला

लातूरचा_मुनीम, ११ फेब्रुवारी २०२४

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी हिशेब बघतो. दिवसभर सोयाबीन-तुरीच्या पट्ट्या, रात्री साडेनऊ ते अकरा ऑनलाइन पोकर. होल्डेम, म्हणजे हातात दोन पानं आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच. सहा जणांचं टेबल. गेल्या जूनमध्ये ६,००० भरले, अजून एक रुपया काढला नाही. १/२ वर, म्हणजे दर डावात दोघांना आधीच १ आणि २ रुपये लावावे लागतात त्या टेबलावर, २०० घेऊन बसायचो. ११,४०० झाले तेव्हा, म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी, २/५ वर आलो. इथं ५०० घेऊन बसतो.

तेव्हापासून हात उचलतच नाही. परवा बटणावर, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याच्या जागेवर, एक्का-राणी होती. पुढच्या एकानं १५ केले होते, बाकी सगळे डाव सोडून उठलेले. मी पानं टाकली. काल हातात दहाची जोडी, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, पंजी, दुर्री. समोरच्यानं ४० लावले. टायमर संपेपर्यंत बघत बसलो आणि सोडून दिली. १/२ वर असं कधीच केलं नसतं. ५०० म्हणजे आमच्या गावाकडं गड्याची एका दिवसाची हजेरी, ती नजरेसमोरून हलत नाही.

एकही मोठा डाव हरलो नाही, तरी आज खात्यात १०,५०० आहेत. मला सांभाळूनच खेळायचंय, पण हे सांभाळणं नव्हे, एवढं कळतंय. मग सांभाळायचं कुठं?

गोदाकाठ_नांदेड

भाऊ, तुमचे ९०० कुठं गेले ते आधी बघू. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. एक्के, राजे किंवा राण्या यांची जोडी त्यातल्या १८ वेळा, म्हणजे साधारण ७४ डावांत एकदा. एका टेबलावर तासाला सत्तरएक डाव होतात. सहा डावांच्या एका फेरीत ब्लाइंडचे, म्हणजे आधीच लावाव्या लागणाऱ्या पैशांचे, २ आणि ५ असे ७ रुपये जातात. तासाला बारा फेऱ्या धरा, ८४ रुपये झाले. तासाभरानं तुमची जोडी येते, तुम्ही रेज करता, म्हणजे रक्कम वाढवता, आणि सगळे उठतात, कारण तासभर तुम्ही काही खेळलेलाच नसता. हाती येतात ब्लाइंडचे ७ रुपये. तुमचे पैसे असे थेंब थेंब गळालेत.

सांभाळायची जागा सांगतो. टर्नपर्यंत, म्हणजे टेबलावरचं चौथं पान येईपर्यंत, बदामाची चार पानं जमली, पाचवं हवंय, पाचही बदाम झाले की हात भारी. न दिसलेली पानं ४६, त्यात बदाम ९, म्हणजे पाचात एकदासुद्धा नीट नाही. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६०, समोरच्यानं ३० लावले. तुम्ही ३० देऊन १२० साठी खेळणार, तर चारात एकदा तरी बदाम लागायला पाहिजे. पुढं तो आणखी पैसे देईल अशी खात्री नसेल तर सोडा, अजिबात वाईट वाटून घेऊ नका. पण बटणावरची एक्का-राणी सोडायची नाही. सगळ्यांच्या नंतर बोलायला मिळतं, ती टेबलावरची सगळ्यात चांगली जागा आहे.

बालाघाटी

मी तर म्हणतो ५०० घेऊन बसूच नका. २/५ वर २०० घेऊन बसा, भीती आपोआप कमी होते.

गोदाकाठ_नांदेड

नाही पटलं. छोटी जोडी घेऊन फ्लॉपवर त्याच आकड्याचं तिसरं पान लागणं साडेआठ वेळांत एकदा. त्यासाठी १५ द्यायचे आणि लागल्यावर समोरच्याकडून जास्तीत जास्त १८५ मिळणार? मागं ५०० असतील तरच ते परवडतं.

बालाघाटी

हे बरोबर आहे, मी छोट्या जोड्या फेकूनच देतो म्हणून कधी जाणवलं नाही. मग निदान एक करा. एका रात्री १,००० गेले की उठायचं. खात्यात ९,००० च्या खाली आलात की परत १/२. बसायच्या आधीच लिहून ठेवा, हरल्यावर ठरवलेलं कुणी पाळत नाही.

अंबाजोगाईची_ताई

दादा, तुमचे १०,५०० हे १०,५०० नाहीत. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस आहे. पैसे काढले नाहीत तरी ३१ मार्चला खात्यातल्या शिल्लकेवरही तो कापतात. तुमचे जिंकलेले ४,५००, त्यातले १,३५० जाणार. हातात राहतील ९,१५०, म्हणजे २/५ चे एकवीस नव्हे, अठराच बाय-इन, ५००-५०० घेऊन बसायच्या अठराच खेपा. खिशातून आणखी भरू नका, ऑक्टोबरपासून भरलेल्या ५०० मधले १०९ जीएसटीतच जातात. माझ्या मते १ एप्रिलपर्यंत १/२ वरच बसा. तुम्हाला वाटणारी भीती थोडी खरीही आहे.

लातूरचा_मुनीम, २८ एप्रिल २०२४

ताई, दिवसभर दुसऱ्यांचा हिशेब करतो आणि स्वतःचा हाच आकडा धरला नव्हता. तुमचं ऐकून खाली गेलो आणि मागच्या आठवड्यात परत वर आलो. १,००० आणि ९,००० हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेत. काल पुन्हा बटणावर एक्का-राणी आली. पुढच्यानं १५ केले, मी ४५. तो उठला, ब्लाइंडवालेही उठले. २२ रुपये मिळाले. घरात सगळे झोपले होते, नाहीतर बायकोला उठवून दाखवलं असतं.

लातूरचा_मुनीम, १४ सप्टेंबर २०२५

हा धागा वाचून कुणी पैसे लावायला निघालं असेल तर आधी हे वाचा. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन पैशांच्या खेळांवर देशभर बंदीचा कायदा झाला. मी खेळायचो ती टेबलं बंद झाली. शिल्लक होती ती कर कापून बँकेत आली. मला खेळाची मात्र आठवण येते. पैसे न लावता नुसत्या चिप्सवर कुणी टेबल मांडणार असाल तर कळवा, साडेनऊनंतर मी मोकळा असतो.