बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचंय. रोजच्या पिण्याचं सांगावं का?

मेघना_पुणे: वडील ७६ वर्षांचे. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी क्वार्टर. खुब्याचं ऑपरेशन झालंय, घरी करणारं कुणी नाही, म्हणून नर्सिंगची सोय असलेला वृद्धाश्रम पाहतोय. झोपेसाठी अल्प्राझोलामही घेतात. भाऊ म्हणतो, पिण्याचं सांगितलं तर प्रवेश मिळणार नाही, तिथे आपोआप सुटेल. काय करू?

निवृत्त_सिस्टर: ताई, अजिबात लपवू नका. रोज घेणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते २४ तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेले किडे दिसतात, माणूस नळ्या उपटतो. आश्रमात सांभाळणाऱ्या मावशींना कल्पना नसेल तर त्यांना वाटतं म्हातारपणानं बिघडलंय, आणि हातपाय बांधतात. मी पाहिलंय हे. यात जीवही जातो.

म्हणून दारू सोडवायची ती दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि मगच आश्रम. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन (बी-१) दिलं का, हे विचाराच. अल्प्राझोलामही अचानक थांबवू नका, त्यानंही फिट येते. डोस हळूहळू उतरवतात. आणि दारूवर ती गोळी नकोच, श्वास मंदावतो.

सांगलीकर: आमच्या आईची मिश्री आश्रमानं पहिल्याच दिवशी काढून घेतली. चिडचिड, जेवण बंद. डॉक्टरांनी निकोटिनचा पॅच लावल्यावर सावरली. तंबाखूचंही लिहून द्या, ते सगळे विसरतात.

मेघना_पुणे: पण लिहून द्यायचं म्हणजे नेमकं काय?

निवृत्त_सिस्टर: रोज किती, कधीपासून, शेवटचा पेला कधी, आधी कधी फिट आली होती का. गोळ्या कुणाच्या ताब्यात, कोणतं लक्षण दिसलं की रात्रीसुद्धा डॉक्टरांना बोलवायचं. संध्याकाळी सातला त्यांच्यासोबत कोण बसणार, हेही लिहा, कारण तलफ त्याच वेळेला येते. भेटायला येणाऱ्या मित्रांच्या पिशवीत बाटली येते, तेव्हा काय करायचं तेही आधीच ठरवा. आणि हे सगळं बाबांना समोर बसवून ठरवा. त्यांच्या पाठीमागे केलेला कागद ते मानणार नाहीत. व्यसनी म्हणून प्रवेशच नाकारणारी जागा सोडून द्या, तिथे त्यांची काळजी घेतली जाणार नाही.

सांगलीकर: पुण्यातच आहात तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला विचारा, १९८६ पासून हेच काम करतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीतही बोलता येतं.

मेघना_पुणे: उद्याच ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना सगळं सांगते. भावालाही सोबत नेते.