डोंबिवलीत चार जुन्या लोखंडी खिडक्या बदलायच्या आहेत, किती खर्च धरू?

चौथा मजला:
नमस्कार मंडळी. आमची इमारत १९९२ ची. हॉल आणि दोन्ही बेडरूम पश्चिमेला, किचन उत्तरेला. लोखंडी खिडक्यांच्या खालच्या पट्ट्या गंजून पापुद्रे सुटलेत. पावसाळ्यात हॉलच्या खिडकीखाली जुन्या चादरी पिळून पिळून हात दुखतात. सासूबाईंचा पलंग त्याच भिंतीला आहे आणि त्यांना दमा आहे, त्यामुळे यंदा हे काम करायचंच.

मापं: हॉल ६×४, बेडरूम ५×४ च्या दोन, किचन ४×३. एकूण ७६ चौरस फूट. ॲल्युमिनियमचा पाऊण इंची सेक्शन (चौकटीची पट्टी) ४८० रुपये चौरस फूट, २७ मिमी डोमल (ॲल्युमिनियमचाच जाड सेक्शन) ७२० आणि यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) ९५० असे भाव मिळालेत. महाग तेच घ्यावं का?

कल्याणचा फॅब्रिकेटर:
ताई, भाव नंतर बघू. आधी ओल कुठून येते ते बघा. तावदानाच्या मधून पाणी आलं तर खिडकीचा दोष. पण खालच्या कोपऱ्यांतून भिंतीवर मिशीसारखे डाग उतरत असतील, तर पाणी चौकट आणि भिंतीच्या सांध्यातून शिरतंय. तिथे ९५० ची खिडकी बसवलीत तरी सासूबाईंची भिंत ओलीच राहील.

यावर इलाज म्हणजे चारही बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, ती भिंतीच्या इंचभर पुढे यायला हवी आणि तिच्या खालच्या अंगाला एक खाच मारलेली हवी. खाच असली की थेंब तिथेच सुटून खाली पडतो, नसली की तो पट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतो. खाच मारायला ग्रॅनाइटवाला पाच मिनिटं घेतो, पण सांगितल्याशिवाय कुणी मारत नाही.

आता हिशोब, सगळ्यात स्वस्त सेक्शनचा. ७६ चौरस फूट गुणिले ४८० म्हणजे ३६,४८०. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४३,०४६. तुमच्या चार खिडक्यांचा घेर ७० फूट होतो. ग्रॅनाइट मजुरीसकट २५० रुपये फुटाने धरलं तर आणखी १७,५००. झाले साठ हजारांच्या वर, आणि यात जुनी खिडकी काढणं, फोडकाम, प्लास्टर, राबिट (फोडकामाचा मलबा) उचलणं, ग्रिल काहीच नाही. म्हणून कोटेशनमध्ये हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. काच किती मिमीची, जाळीचा तिसरा ट्रॅक धरलाय का, हेही.

पश्चिमेला मी डोमल सुचवेन. पाऊण इंची सेक्शनची पल्ली चौथ्या मजल्यावरच्या वाऱ्यात खडखडते. यूपीव्हीसी घ्यायचंच असेल तर आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे का ते कापलेल्या तुकड्यात स्वतः बघा.

रुळाशेजारी:
आमची इमारत लोकलच्या रुळांना लागून आहे. आवाजाचा त्रास असेल तर सरकती खिडकी नको, बाहेर उघडणारी घ्या. सरकत्या पल्ल्यांमध्ये नुसता ब्रश असतो, उघडणाऱ्या पल्ल्या रबरावर घट्ट बसतात. रात्री मालगाडी जाते तेव्हा फरक कळतो. बाहेर ग्रिल असेल तर पल्ली उघडायला जागा आहे का, ते मात्र आधी बघा.

सेक्रेटरी काका:
सोसायटीला आधी अर्ज द्या. बाहेरून रंग आणि आकार सगळ्यांचा सारखा राहावा एवढंच आमच्याकडे बघतात, पण परांची बांधायची तर खालच्या मजल्यावाल्यांना कळवावंच लागतं.

चौथा मजला:
दादा, अगदी मिशीसारखेच डाग आहेत! चारही एकदम जमणार नाहीत असं दिसतंय. कुठल्या आधी करू?

कल्याणचा फॅब्रिकेटर:
पश्चिमेच्या तीन करा, किचनची थांबेल. जून लागायच्या आत प्लास्टर वाळायला हवं, त्यामुळे आत्ताच काम द्या. बसवून झाल्यावर, पैसे चुकते करण्याआधी, खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. बाहेरच्या बाजूला पाणी जायला भोकं असतात, कारागिराच्या हातून ती सिलिकॉनने बुजतात. पाणी लगेच बाहेर गेलं नाही तर त्याला तिथल्या तिथे ती मोकळी करायला लावा.